हिरवी खूण आणि रिकामं पाकीट

मी पुण्यात, आई ग्वाल्हेरला बिर्लानगरात एकटी. तिथल्या जे.सी. कापडगिरणीच्या भोंग्यावर तिचा निम्मा संसार झाला. म्हातारपणी रक्तदाबाच्या गोळीसाठी मी तिच्या फोनमध्ये गजराचं ॲप बसवून दिलं. सकाळी आठला गजर वाजायचा, तिनं ‘घेतली’ दाबलं की माझ्या फोनवर हिरवी खूण यायची. ती पाहिली की मी कामाला लागायचो.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. खुणा रोज येत होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला शेजारच्या काकूंचा फोन आला : आईची छाती धडधडतेय, घरातल्या यंत्रावर वरचा आकडा १९०. गोळ्यांचं पाकीट चार दिवसांपूर्वीच संपलं होतं. हजिऱ्यातल्या औषधाच्या दुकानापर्यंत जायची भीती, आणि मला सांगितलं तर मी घाबरेन म्हणून ती गप्प. “ते वाजतच राहतं रे, म्हणून दाबते,” म्हणाली. तिचं काय चुकलं? मी गोळ्यांची चौकशीच कधी केली नव्हती.

गोळी अटेनोलॉल होती. ती एकदम थांबली तर ठोके आणि दाब उसळतात. हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. नेहमीच्या डॉक्टरांनी छातीत दुखतंय का, दम लागतोय का ते फोनवर विचारलं आणि चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवली. काकूंच्या मुलानं औषध आणलं. (छातीत दुखत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, थेट १०८ लावा.)

माझ्या हिरव्या खुणेसारखीच क्षयरोगाच्या सरकारी उपचारात ‘९९ डॉट्स’ ही पद्धत वापरली गेली. गोळी पाकिटातून काढली की मागे दडलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर फुकट कॉल करायचा. त्यातूनही कळायचं ते एवढंच, की गोळी पाकिटाबाहेर आली. ती पोटात गेली का, हे विचारायला माणूसच लागतो.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई पाकीट कॅमेऱ्यासमोर धरते आणि आम्ही दोघं गोळ्या मोजतो. पंधरा उरल्या की पुढच्या आणायच्या. चिठ्ठीचा फोटो माझ्याकडे आहे, काकूंकडेही. त्यावर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलंय, म्हणजे एका कंपनीची गोळी नसली तर दुकानदार दुसरीची देऊ शकतो.

तुमचं कुणी असं दूर एकटं असेल, तर आज फोनवर ‘गोळी घेतली का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘डब्यात किती उरल्या?’ तेही विचारा.