सामना जिंकावा कीं खेळाडू घडवावा?

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरील कपाटांत ज्या ढाली व चषक मांडलेले असतात, त्यांजकडे शाळा पाहावयास आलेल्या पालकांची दृष्टि प्रथम जाते. त्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु ती ढाल मिळवितांना किती मुलें खेळलीं आणि किती नुसतीं बसून राहिलीं, हें तिच्यावर कोरलेलें नसतें. प्रस्तुत लेखांत ह्याच गोष्टीचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. शाळेच्या संघानें सामने जिंकावे, कीं शाळेनें खेळाडू घडवावे? दोन्ही साधलीं तर उत्तमच. पण दोहोंत विरोध आला म्हणजे कशास पुढें आणि कशास मागें ठेवावें?

आपल्या मुंबईस हा प्रश्न नवा नाहीं. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस ह्यांच्या नांवाची हॅरिस ढाल आणि तिच्याहून लहान मुलांकरितां असलेली जाइल्स ढाल ह्या शालेय क्रिकेटच्या स्पर्धांस शंभराहून अधिक वर्षें झालीं. गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतून वाढलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या खांद्यावर किट घेऊन ह्याच स्पर्धांसाठीं आझाद मैदानावर व क्रॉस मैदानावर गेल्या आहेत.

ह्या स्पर्धांतील सर्वांत प्रसिद्ध सामना १९८८ च्या फेब्रुवारींत आझाद मैदानावर झाला. हॅरिस ढालीच्या उपांत्य फेरींत दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराची गांठ सेंट झेवियर्सशीं पडली. सचिन तेंडुलकर ह्यानें नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी ह्यानें नाबाद ३४९ धांवा काढून ६६४ धांवांची अभेद्य भागी केली, व २ बाद ७४८ वर डाव सोडण्यांत आला. एवढें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्यानंतर खेळावयास जाणारा मुलगा त्या वेळीं पॅड बांधून तंबूंत बसला होता. त्याचें नांव अमोल मुजुमदार. भागी फुटली नाहीं, आणि त्याची पाळी आली नाहीं.

त्या दिवसाची धांववही पाहणाऱ्यास ह्या मुलाविषयीं काय कळलें असतें? कांहींच नाहीं. तथापि १९९३-९४ च्या हंगामांत रणजी करंडकाच्या आपल्या पहिल्याच सामन्यांत त्यानें २६० धांवा काढल्या. पुढें प्रथम दर्जाच्या क्रिकेटांत मुजुमदारांनीं ११,००० हून अधिक धांवा केल्या, व २००६-०७ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. भारताच्या संघांत त्यांस कधींच जागा मिळाली नाहीं. परंतु २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबई येथें भारताच्या महिला संघानें विश्वचषक जिंकला, तेव्हां त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. तंबूंत बसलेल्या मुलांपैकीं पुढें कोण काय होईल, हें शिक्षकास आज कळत नाहीं. म्हणून प्रत्येकास पाळी देणें हें त्याचें कर्तव्य ठरतें.

ह्या तिन्ही मुलांचे गुरु रमाकांत आचरेकर. त्यांनीं स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळला होता. पण शिवाजी पार्कवर त्यांनीं घडविलेले खेळाडू देशाच्या संघांत गेले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. केवळ जाळ्यांतील सरावावर त्यांचा भरंवसा नसे. ते मुलांचे सामन्यांवर सामने लावीत. तेंडुलकरानें एका उन्हाळ्याच्या सुटींत ६० दिवसांत ५५ सराव-सामने खेळल्याचें स्वतःच सांगितलें आहे. सरावाच्या शेवटीं आचरेकर यष्टीवर एक रुपया ठेवीत. गोलंदाजानें बाद केलें तर रुपया त्याचा, आणि फलंदाज टिकला तर फलंदाजाचा. त्यांस जिंकण्याचा तिटकारा नव्हता. त्यांच्या मुलांनीं पुष्कळ ढाली जिंकल्या. परंतु त्यांच्या येथें मूल आधीं भरपूर खेळे, आणि विजय त्या खेळण्यामागून येई.

आतां दुसरी बाजू पाहूं. जानेवारी २०१६ मध्यें कल्याण येथील एका शालेय सामन्यांत एका संघाचा पहिला डाव अवघ्या ३१ धांवांत आटोपला. त्यावर प्रतिपक्षाच्या प्रणव धनावडे ह्या मुलानें ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धांवा केल्या, आणि त्याच्या संघानें ३ बाद १४६५ वर डाव सोडला. दुसऱ्या डावांत समोरचीं मुलें ५२ धांवांत बाद झालीं. प्रणवच्या चिकाटीचें कौतुक जगभर झालें, व तें योग्यच होतें. आमचा प्रश्न वडील मंडळींस आहे. ३१ धांवांस उत्तर देतांना पहिल्या तीन-चारशें धांवांनंतर कोणतें मूल काय नवें शिकलें? समोरचीं मुलें चेंडू आणावयास पळत राहिलीं, आणि स्वतःच्या संघांतील उरलेलीं मुलें तंबूंत बसलीं. अशा वेळीं डाव सोडण्याचें धैर्य मुलापाशीं नसणें स्वाभाविक आहे. तें मोठ्यांपाशीं असावें.

परदेशांतही हाच विचार चालू आहे. अमेरिकेंत बर्फावरची हॉकी लहान मुलें हौसेनें खेळतात. तेथील राष्ट्रीय संस्थेनें २००९ सालीं नवी शिक्षणपद्धति आंखून आठ वर्षांखालील मुलांस सबंध मैदानाऐवजीं त्याच्या लहान भागांत खेळविण्याचें धोरण घेतलें. कारण असें कीं, मोठ्या मैदानावर दोन-तीन चपळ मुलेंच चकती पळवितात. लहान जागेंत ती प्रत्येकाच्या काठीपाशीं येते. नॉर्वे देशांत अकराव्या वर्षापर्यंत मुलांच्या स्पर्धांची क्रमवारीच लावीत नाहींत. म्हणून तो देश मागें पडला काय? २०१८ व २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकांत पदकांच्या यादींत त्याचाच पहिला क्रमांक होता. आपल्याकडे राहुल द्रविड १९ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक असतां, एकदां विश्वचषकांत खेळलेल्या मुलास त्या स्पर्धेंत पुन्हां न घेतां जागा नव्या मुलास द्यावी, असा दंडक पडला. त्यांच्याच हाताखालीं २०१८ सालीं भारतानें तो विश्वचषक जिंकला.

येथें आम्हांस स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या हातीं लहान मुलांचा संघ होता. त्यांतील एक मुलगा लालबागहून पहांटे निघून येई, किट उचली, मैदानांत पाणी नेई. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचलों. पण त्यास एकही सामना मिळाला नाहीं, कारण दर वेळीं आम्हांस वाटे, ‘हा सामना महत्त्वाचा आहे.’ पुढील जूनमध्यें त्यानें नांव दिलें नाहीं. कारण विचारतां तो खालीं पाहून म्हणाला, “सर, पाणीच द्यायचं तर घरीं आईला भरून देतों.” त्या वर्षींचे सामने आम्ही कसे जिंकलों तें आज आठवत नाहीं. त्याचें हें उत्तर मात्र विसरत नाहीं.

तेव्हांपासून आम्ही कांहीं नियम पाळीत आलों आहों. चौदा वर्षांखालील संघांत निवडलेल्या प्रत्येक मुलास किती सामने द्यावयाचे, हें हंगामाच्या आरंभींच लिहून ठेवावें, व पराभवाच्या भीतीनें तें मोडूं नये. सामना हातीं आला म्हणजे खालच्या फलंदाजांस वर पाठवावें, अथवा डाव सोडावा. सोळा वर्षांखालील मुलांच्या अंतिम सामन्यांत मात्र समर्थ असे अकराच उतरवावे. तेथें जिंकण्यासाठीं जिवाचें रान करणें हाही शिक्षणाचाच भाग आहे, आणि वर्षभर खेळावयास मिळालेलें मूल त्या दिवशीं बाहेर बसावें लागलें तरी खचत नाहीं.

पालकांस एकच विनंती. मुलगा मैदानावरून घरीं आला म्हणजे ‘जिंकलांत का?’ असें विचारण्यापूर्वीं ‘आज तुला किती वेळ खेळावयास मिळालें?’ असें विचारावें. उत्तर समाधानकारक नसेल, तर आम्हां शिक्षकांकडे यावें. जाब विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं जो कोणी कर्णधार होईल, त्यानें पुढील सामन्यांत धांवफलकाकडे पाहतां पाहतां तंबूकडेही एकदां पाहावें. तेथें कोणी पॅड बांधून बसला असेल, तर त्याची पाळी केव्हां येणार, हें त्यास आपण होऊन सांगावें.