सांडवा कुठं ठेवलाय?

एका एकरातून चार इंच माती गेली म्हणजे किती गेली, हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यात चार इंचांचा थर म्हणजे साडेचौदा हजार घनफूट, 145 ब्रास. ट्रॉलीला एक ब्रास धरा आणि भाडं तुमचं तुम्ही लावा. 2025च्या सप्टेंबरात आमच्या खालच्या पट्टीत कुठं चार इंच गेली, कुठं गुडघाभर, आणि ओढ्याच्या कडेला तर मुरूम उघडा पडला. सोयाबीन काढणीला आलं होतं. त्याचं दुःख एका हंगामाचं. मातीचं तसं नसतं.

त्या दिवसांत आमचा धाराशिव जिल्हा टीव्हीवर होता तो परंड्यामुळे. सीनेच्या पाण्यानं गावं वेढली, 22 सप्टेंबरला लोकांना काढायला हेलिकॉप्टर आलं. आमचं रान नदीपासून लांब, बालाघाटाच्या उतारावर. इथं पूर आला असं कुणी म्हणणार नाही. पण चांदणी, उल्फा, बाणगंगा या नद्यांमधून सीनेत उतरतं ते पाणी असल्याच उतारांवरच्या ओढ्या-वगळींचं. खाली घरात शिरणारं पाणी वर कुणाच्या तरी बांधावरून निघालेलं असतं, आणि सोबत त्याची मातीही घेऊन गेलेलं असतं.

आमच्या वरच्या अंगाला भावकीची रानं आहेत, एकाखाली एक. गेल्या काही वर्षांत तिथं जेसीबीनं नवे बांध पडले. सरळ, उंच, बघायला देखणे. मधून एक वगळ यायची, ती बुजवून पेरणीखाली घेतलेली. काम चालू असताना आमचे आबा काठी टेकत गेले आणि ऑपरेटरला म्हणाले, "सांडवा कुठं ठेवलाय रं?" तो म्हणाला, "मालकानं सांगितलं नाही." विषय तिथंच संपला. पुढं दोन-तीन पावसाळे बेताचेच झाले, बांधाला पाणी टेकलं की मुरून जायचं. सगळे खूश होते.

उत्तरा नक्षत्राच्या त्या रात्री सगळ्यात वरचा बांध तुंबला आणि एका जागी फुटला. ते सगळं पाणी एकदम दुसऱ्या बांधावर आलं, दोघांचं मिळून तिसऱ्यावर. आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा ते पावसाचं पाणी राहिलंच नव्हतं, फुटलेल्या तळ्याचं झालं होतं. उजाडल्यावर पाहिलं तर बुजवलेली वगळ होती त्याच रेषेत, तशीच वळणं घेत, नवी घळ पडलेली. कडेच्या कापात थर सरळ दिसत होते: वर वीतभर भुसभुशीत काळी, खाली नांगराच्या तळाचा दगडासारखा घट्ट पापुद्रा, मग मुरूम. पापुद्र्याच्या वरचं सगळं सोललं गेलं होतं. ठिबकच्या नळ्या हवेत लोंबत होत्या.

बांध घालू नका, असं मला म्हणायचं नाही. पण सांडवा नसलेला बांध हा बांध नसण्यापेक्षा वाईट, हे मी आता कुणालाही सांगतो. आपल्याकडं 'पाणी अडवा' इतकं मनावर ठसलं आहे की ते सोडायचंही असतं हे डोक्यात येत नाही. 1972चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला त्यात दोष कसा द्यायचा! तरी आकडा बघा. माळावर दोन फूट रुंद, एक फूट खोल सलग समतल चर दर दहा मीटरला काढला, तर हेक्टरी सुमारे 180 घनमीटर पाणी मावतं. म्हणजे 18 मिलिमीटर पाऊस. सरकारदरबारी अतिवृष्टी मोजतात ती 65 मिलिमीटरपासून पुढं. चर भरल्यावरच्या पाण्याचं काय, हे आधी ठरलेलं पाहिजे.

म्हणून कामाची सुरुवात माथ्यावरून. जालन्याजवळच्या कडवंचीत विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तेच झालं: आधी वरचा माळ, मग शेतातली बांधबंदिस्ती, मग नाला. आपल्याकडं पोकलेन आधी नाल्यात उतरतो, कारण खोलीकरण फोटोत दिसतं. माळावरचे चर फोटोत येत नाहीत.

सांडवा करताना तो बांधाच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर खाली असावा. अरुंद आणि खोल नको, रुंद आणि उथळ हवा, म्हणजे पाणी पसरून उतरतं. शक्यतो घट्ट मुरूम असेल ती जागा धरा, तळाला आणि पलीकडं पाणी पडतं तिथं दगड बसवा. पाणी शेजाऱ्याच्या नांगरलेल्या रानात नाही, गवतात किंवा ओढ्यात उतरलं पाहिजे. बांधावर मारवेल लावा, गुरांना चाराही होतो. आणि पेरणी उताराला आडवी. ट्रॅक्टरवाला लांब तास धरायला बघतो, उभ्या उताराचा असला तरी. त्याला वेळ वाचवायचा असतो. तिथं उभं राहून सांगावं लागतं.

खरडून गेलेल्या जमिनीसाठी त्या ऑक्टोबरात सरकारनं हेक्टरी 47 हजार रोख आणि मनरेगातून 3 लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. तलावातला गाळ आणून रान भरण्याची घाई सगळ्यांना असते. आधी वरच्या पाण्याची वाट लावून घ्या, नाहीतर आणलेला गाळ पहिल्याच वळवात जायचा. गाळ मुरमाड रानात घाला, चिबड रानात नको. पहिल्या वर्षी ताग करून गाडला तर माती लवकर कामाला लागते.

उरला भावकीचा प्रश्न, आणि खरं अवघड तेच आहे. वगळ बुजवणाऱ्याला "उकर" म्हणणं म्हणजे दोन तास पेरणी सोड म्हणणं. आमच्याकडं तलाठ्याकडून गाव नकाशाची नक्कल काढली, जुना ओढा कुठून जात होता ते सगळ्यांनी मिळून बघितलं, आणि मग बोलणं बरंच सोपं झालं. नकाशाशी भांडता येत नाही. तरीही कुणी ऐकलं नाही, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आहे. शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला केलेला अडथळा काढायचा आदेश त्याखाली तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. पावसाळ्यात अडवलेलं पाणी उन्हाळ्यात बघू म्हणाल, तर मुदत गेलेली असेल.