कोंबडीला हळद

हळद आपल्या जखमेला चालते. मग कोंबडीच्या पोटाला चालेल का? चालते. पण कशी, ते नीट पाहा.

मांसासाठी पाळलेली कोंबडी, म्हणजे ब्रॉयलर, सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाते. एवढी वाढ व्हायची तर खाल्लेले अंगी लागले पाहिजे. हळद व लसूण यांनी पचनाला मदत होते. आतड्यांतले वाईट जंतूही थोडे दबतात. १०० किलो खाद्याला अर्धा किलो हळदपूड पुरे. ती आधी दोन-चार किलो खाद्यात कालवा, मग सगळ्या ढिगात मिसळा. नाहीतर एका पिलाला सगळी हळद नि दुसऱ्याला काहीच नाही! खाद्याला बुरशी आली असेल तर मात्र हळद घालून ते खपवू नका. फेकून द्या.

पूर्वी वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन नावाचे औषध घालीत. माणसाच्या जिवावरच्या दुखण्यात लागणारे हे औषध! सरकारने २०१९ साली त्यावर बंदी घातली.

आमच्या गावच्या एका बाईंनी हळद-लसूण सुरू केले नि मानमोडीची लस टाळली. मला म्हणाल्या, "गुरुजी, घरचं औषध आहे की!" मानमोडी आली. १५० पिलांतली ११ उरली. हळदीने मानमोडी थांबत नाही. पहिल्या आठवड्यात लशीचा थेंब डोळ्यात पडलाच पाहिजे.

पुढच्या खेपेला पिले आली त्याच दिवशी बाईंनी लशीची तारीख खडूने भिंतीवर लिहिली. नुकत्याच त्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या होत्या.