नुसतं ‘कोयता’ लिहून भागत नाही

दसरा-दिवाळी उरकली की आमच्या धारूर-वडवणीकडची गावं ओस पडायला लागतात. माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पण बैलगाडीचा कोयता वेगळा, ट्रॅक्टरच्या टोळीतला वेगळा, डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारा डोकीचा वेगळा. मुकादमाला हे सांगावं लागत नाही. यंत्राला सांगावं लागतं, आणि ते मी सांगितलं नव्हतं.

जिल्ह्यातल्याच एका कारखान्याचं काम होतं. तोडणी-वाहतुकीच्या नोंदी सोप वेब सर्व्हिसमधून बिलं काढणाऱ्या दुसऱ्या प्रणालीला द्यायच्या. डॉटनेटमध्ये ‘कोयता’ हा मूळ क्लास केला: करार क्रमांक, उचल, टनेज. त्याच्यावरून बैलगाडी, ट्रॅक्टर आणि डोकी असे तीन. मेथड ‘कोयता’ची यादी परत देणार. चाचणीला मी नुसते ‘कोयता’च घातले होते, सगळं सुरळीत चाललं. पहिल्या पंधरवड्याची खरी यादी गेली, त्यात पहिलीच नोंद बैलगाडीची निघाली आणि सर्व्हिस थांबली. हा प्रकार अपेक्षित नव्हता, एक्सएमएल-इन्क्लूड वापरा, असा संदेश आला.

डब्ल्यूएसडीएल हा सर्व्हिसचा करारनामा. मेथडच्या मांडणीवरून जे प्रकार कळतात तेवढेच त्यात उतरतात. ‘कोयता’ उतरला, त्याच्या पोटातले तिन्ही माझ्या कोडमध्येच राहिले.

यानंतर घाईत मी जे केलं ते कुणी करू नये. प्रत्येक नोंद नुसत्या ‘कोयता’त ओतून पाठवली. एरर गेली, पण बैलगाडीसोबत असलेलं वाहतुकीचं अंतरही गेलं. दोन दिवसांनी एक गाडीवान प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या वजनाच्या पावत्या घेऊन आला. त्याच्या बिलात तोडणी बरोबर होती, वाहतुकीसमोर शून्य. सर्व्हिस बंद पडली असती तर निदान कळलं तरी असतं.

इलाज तीन ओळींचा आहे. मूळ क्लासवर एक्सएमएल-इन्क्लूड लावून तिन्ही प्रकार नावानं सांगा. डब्ल्यूसीएफमध्ये त्यासाठी नोन-टाइप आहे, जावाच्या जॅक्स-बीमध्ये एक्सएमएल-सी-ऑल्सो. मग करारनाम्यात तिन्ही प्रकार येतात आणि प्रत्येक नोंदीवर एक्सएसआय-टाइप लागून ती कोणती हे समोरच्याला कळतं. मूळ क्लास अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ठेवा, म्हणजे नुसता ‘कोयता’ कुणाला पाठवताच येणार नाही.

समोरच्यांनी नव्या डब्ल्यूएसडीएलवरून प्रॉक्सी पुन्हा काढली पाहिजे, हे फोनवर न ठेवता लेखी कळवा. उद्या चौथा प्रकार वाढला की जुनी प्रॉक्सी त्यावर अडखळणार, म्हणून तो हंगामाच्या मध्यात घालू नका. समोरचं साधन जुनं असेल आणि त्याला एक्सएसआय-टाइप झेपत नसेल, तर वारशाचा हट्ट सोडा. एकच सपाट रचना करा आणि त्यात ‘प्रकार’ नावाचा रकाना ठेवा. दिसायला ओबडधोबड, पण कुणाचं अंतर गळत नाही.

आणि जाणारं एक्सएमएल एकदा तरी उघडून डोळ्यांनी वाचा. मी ते वाचलं असतं तर अंतर नाही हे पहिल्या नोंदीलाच दिसलं असतं.

त्या गाडीवानाच्या पावत्या मी एकेक करून हातानं चढवल्या, त्याला शेजारी बसवून. आता माझ्या चाचणीच्या यादीत पहिली नोंद बैलगाडीचीच असते.