फूल न देणारें झुडूप कसें ओळखावें

अंगणांत किंवा विहिरीच्या कडेस आणून लाविलेलें एखादें झुडूप तीन-चार वर्षें हिरवेंगार वाढतें, पण त्यास एकही कळी धरत नाहीं. ज्यानें फांदी दिली त्यानें तिला मोगरा म्हटलेलें असतें. शेजारी म्हणतो, ही तर तगर. तिसरा म्हणतो, उपटून टाका. हा तिसरा सल्ला देणाऱ्यास कांहीं खर्च पडत नाहीं, म्हणून तो फार लोक देतात. परंतु झाड कोणतें हें कळल्यावांचून उपचार करूं नये. कारण एकास जो उपचार मानवतो, तोच दुसऱ्याचा बहर घालवितो. फूल नसलें तरी पान, पेरें व चीक हीं पुरेशी साक्ष देतात.

प्रथम पान देठाशीं तोडून पाहावें. दुधासारखा पांढरा चीक आला, तर तें झुडूप मोगरा नव्हे आणि अनंतही नव्हे. पानें समोरासमोर, कडा किंचित् नागमोडी व फांदी वारंवार दुभंगणारी असेल, तर ती बहुधा तगर होय. पानें लांब, अरुंद, ताठ व एकेका पेऱ्यावर तीन-तीन असलीं, तर चीक कसाही असो, ती कण्हेर समजावी. मग फुलांची गोष्ट बाजूस ठेवून आधीं लेंकरांचा व शेळ्यांचा विचार करावा. कण्हेरीचें पान, साल, मूळ व फूल सर्वच विषारी असून तें विष हृदयावर चालतें. पान वाळलें म्हणजे विष गेलें असें नव्हे. म्हणून तिच्या छाटलेल्या डहाळ्या गोठ्याजवळ टाकूं नयेत, व चुलींतही घालूं नयेत.

चीक नसेल तर पानांची मांडणी पाहावी. पानें एकाआड एक व लांबट असलीं, तर ती रातराणी असण्याचा संभव आहे. पानें समोरासमोर असून जाड व चकचकीत असलीं, आणि दोन देठांच्या मध्यें पेऱ्यावर पातळ पापुद्रा दिसला, तर तो अनंत होय. मोगऱ्यास हा पापुद्रा नसतो. त्याचें पान अधिक पातळ व कोंवळ्या डहाळीवर बारीक लव असते.

आतां उपचार. मोगऱ्याचें फूल नव्या फुटव्याच्या शेंड्यास येतें. ज्यानें तो कधींच छाटला नाहीं, त्यास जुन्या काड्या व पानेंच पाहावयास मिळतात. कांहीं दिवस पाणी तोडावें, जानेवारीच्या सुमारास फांद्या छाटाव्या, उरलेलीं पानें काढावीं, आणि मग कुजलेलें शेणखत घालून पाणी सुरू करावें; म्हणजे उन्हाळ्यांत कळ्या येतात. झाड सावलींत असेल तर मात्र हे सर्व श्रम फुकट. खताचा अतिरेकही नको. त्यानें पानेंच माजतात.

अनंतास हीच छाटणी जानेवारींत केली, तर येऊं घातलेल्या कळ्याच कापल्या जातात. तो बहर ओसरल्यावर छाटावा. त्याची खरी अडचण मातीची आहे. त्यास आम्लधर्मी माती मानवते, म्हणून कोंकणांतील तांबड्या मातींत तो सुखानें वाढतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत मात्र त्याच्या मुळांस लोह मिळत नाहीं. पान पिवळें पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा ठिकाणीं तांबडी माती व पानांचें कुजलेलें खत भरून तो मोठ्या कुंडींत लावावा.

तगरीविषयीं फार सांगावयास नको. ती उन्हांत वर्षांतील बहुतेक काळ फुलते. फुलत नसेल तर वरच्या झाडाची सावली कमी करावी.

एवढ्यानेंही ओळख पटली नाहीं, तर जाणत्या माळ्यास दाखवावयास सुटें पान नेऊं नये. दोन-तीन पेरीं असलेली डहाळी ओल्या फडक्यांत गुंडाळून न्यावी, कारण पानांची मांडणी पेऱ्यावरच दिसते.