सिकलसेल : ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतील भेद

नरडाणा परिसरात आणि उत्तरेकडे शिरपूरपलीकडील सातपुड्याच्या पाड्यांवर ‘सिकलसेल’ हा शब्द आता सर्वपरिचित झाला आहे. तथापि ‘मुलीला सिकलसेल आहे’ या एकाच वाक्याने दोन भिन्न अवस्था सांगितल्या जातात. त्यातून वाहक मुलीचे ठरलेले लग्न मोडते, तर आजारी मुलाच्या उपचारांत हयगय होते. म्हणून या संज्ञेचा नेमका अर्थ येथे देत आहोत.

‘सिकल’ म्हणजे विळा आणि ‘सेल’ म्हणजे पेशी. निरोगी तांबडी रक्तपेशी गोल व लवचिक असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असतो, हे लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये १९५२ साली त्याची नोंद झाली.

निरोगी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय व कावीळ होते. ताठर पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, छाती व पोटात असह्य वेदना उठतात.

अहवालातील अक्षरे लक्षपूर्वक वाचावीत. ‘एए’ म्हणजे निरोगी. ‘एएस’ म्हणजे वाहक : आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला. वाहकास सहसा कोणताही त्रास होत नाही व उपचारही लागत नाहीत. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण : दोघांकडूनही सदोष जनुक आलेला. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीतून वाहक व रुग्ण हा भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी चाचणी आवश्यक असते.

पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व निरोगी असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. हे प्रमाण दर खेपेस नव्याने लागू होते. मात्र वाहकाचा विवाह ‘एए’ व्यक्तीशी झाल्यास ‘एसएस’ अपत्य जन्मत नाही. म्हणून वाहक असणे हा विवाहातील अडसर नाही; विवाहापूर्वी दोघांची तपासणी होणे महत्त्वाचे.

हा संसर्गजन्य रोग नव्हे. स्पर्शाने वा एकत्र जेवणाने तो पसरत नाही. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सियुरिया ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ताप, धाप किंवा तीव्र वेदना झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

हा आजार २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, या उद्दिष्टाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिला यश यावयाचे तर घराघरांत ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ हे शब्द योग्य अर्थाने उच्चारले गेले पाहिजेत. आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांनी ही माहिती आपल्या आप्तेष्टांपर्यंत पोहोचवावी, ही नम्र विनंती.