संगणकावर पितळेची कळशी

पिवळा रंग भरला की पितळ होते, अशी माझी समजूत होती. आमच्या घरची कळशी मोडीत गेली. तिचे छायाचित्रही नाही. म्हणून ‘गिंप’ या विनामूल्य प्रणालीत ती आठवणीने काढू लागलो, तर निघाली प्लॅस्टिकची!

चूक कोठे, हे देवघरातल्या पितळी तांब्याकडे पाहिल्यावर उमगले. घासलेल्या धातूत आपण धातू कमी आणि भोवतालच अधिक पाहतो. खिडकी तेथे उजळ पट्ट्यासारखी, भिंतीची सावली काळ्या पट्ट्यासारखी. मधली छटा जवळजवळ नाहीच. मग मी प्रथम करड्या रंगातच फिकट-गडद छटा भरली आणि ‘कर्व्ह्ज’ची रेषा नागमोडी केली. एका छटेचे अनेक पट्टे झाले, उजेडाला अगदी लागून अंधार. पट्टे पोटाच्या गोलाईबरोबर वळवणे मात्र भाग आहे. सरळ ठेवले तर कळशीचा पत्रा होतो. पिवळा रंग सर्वांत शेवटी, वेगळ्या थरावर, ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने. प्लॅस्टिकवरची चमक पांढरी असते. पितळेची चमकही पिवळसरच.

पोचा काढायला दोन संध्याकाळी गेल्या. तेथे पट्टे मोडतात, उलटे फिरतात. आईने चित्र पाहिले आणि म्हणाली, “पोचा डावीकडे होता रे.”